स्वतःहून मागितलेली वेसण

तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

बैलाला वेसण घालायची म्हटली की तो मान झटकतो, पाय आपटतो, दोघातिघांनी धरल्याखेरीज आवरत नाही. खेड्यातून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी हे पाहिलेले आहे. परंतु बैलाने आपण होऊन नाक पुढे केले, एवढेच नव्हे तर दोरी किती जाड असावी आणि गाठ कोठे मारावी हेही धन्याला समजावून सांगितले, असे कोणी पाहिले आहे काय? १६ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सेनेटमध्ये जवळजवळ असेच घडले. 'ओपन एआय' या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन एका उपसमितीपुढे साक्षीला बसले आणि म्हणाले, की आमच्या धंद्यावर शासनाने नियंत्रण आणावे. कृत्रिम बुद्धिमत्तेची ठराविक क्षमतेपलीकडची यंत्रणा कोणाला तयार करावयाची असेल, तर तिला परवाना लागावा आणि असा परवाना देणारी व काढून घेणारी एक नवी संस्था स्थापन व्हावी. सेनेटर मंडळी भारावून गेली. मोठ्या कंपन्यांची माणसे येऊन 'आम्हांला नियम लावा' अशी विनवणी करताना आपण पूर्वी पाहिल्याचे स्मरत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्यापैकी एकाने काढले.

खरे तर त्यांना फार मागे जाण्याचीही गरज नव्हती. चारच वर्षांपूर्वी, मार्च २०१९ मध्ये, 'फेसबुक'चे मार्क झुकेरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून इंटरनेटसाठी नवे नियम हवेत असा आग्रह धरला होता. तथापि या प्रकारचे मूळ पाहावयाचे तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे, टेलिफोनच्या आरंभकाळात जावे लागते. ती हकिकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण आज जे घडत आहे त्याचे सर्व धागेदोरे तिच्यात आहेत आणि त्या नाटकाचा शेवटचा अंकही आता आपल्याला ठाऊक आहे.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ साली. १८९३-९४ मध्ये मुख्य पेटंटांची मुदत संपली आणि अमेरिकेत गावोगावी स्वतंत्र टेलिफोन कंपन्यांचे पेव फुटले. बेलची कंपनी शहरांत रमलेली होती. दूरदूरच्या वस्त्यांवर तारा नेणे तिला परवडणारे वाटत नव्हते. तेव्हा शेतकऱ्यांनीच सहकारी पद्धतीने आपापले टेलिफोन उभे केले. पश्चिमेकडील काही भागांत तर रानाच्या कुंपणाची काटेरी तारच संदेशवहनासाठी वापरली गेली. आवाज खरखरत असे, पाऊस पडला की बंद पडे, पण डॉक्टरला बोलावता येई आणि बाजारभाव कळे. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील जवळजवळ निम्मे टेलिफोन या स्वतंत्र कंपन्यांच्या हाती होते. दरही उतरले होते. स्पर्धा म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील आलेखापेक्षा या कुंपणाच्या तारेवरून अधिक चांगले समजते, असे मला वाटते.

या परिस्थितीत गैरसोय नव्हती असे नाही. एका कंपनीच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाशी बोलता येत नसे, कारण तारा एकमेकींना जोडलेल्या नसत. त्यामुळे पुष्कळ व्यापाऱ्यांना पेढीवर दोन-दोन टेलिफोन ठेवावे लागत. या गैरसोयीवर खरा उपाय एकच होता : सर्व कंपन्यांनी आपली जाळी परस्परांना जोडून द्यावीत असा कायदा करणे. पण हा उपाय बेलला नको होता.

१९०७ साली, मॉर्गन या बड्या सावकारी घराण्याचे वजन पाठीशी घेऊन, थिओडोर व्हेल नावाचा गृहस्थ ए. टी. अँड टी. ऊर्फ बेल कंपनीचा अध्यक्ष झाला. हा माणूस विलक्षण हुशार. आधीच्या संचालकांनी प्रतिस्पर्ध्यांना चिरडण्याचे सर्व प्रकार करून पाहिले होते आणि त्यापायी कंपनी कर्जबाजारी व बदनाम झाली होती. व्हेलने निराळाच मार्ग धरला. शासकीय नियंत्रणाला आपली मुळीच हरकत नाही, असे त्याने कंपनीच्या वार्षिक अहवालांतून जाहीरपणे सांगण्यास प्रारंभ केला. मात्र ते नियंत्रण सुज्ञ, न्याय्य आणि विचारी असावे. आणि शासन जर नियंत्रण करणार असेल, तर फायद्याची गिऱ्हाइके तेवढी पळवणाऱ्या स्पर्धकांपासून शासनाने आम्हांला संरक्षणही द्यावे. 'एक धोरण, एक व्यवस्था आणि सर्वांना सेवा' हे त्याचे घोषवाक्य. ऐकणाऱ्याला वाटावे, हा व्यापारी नसून कोणी लोकसेवकच आहे.

या सौद्यातील गोम लक्षात घेण्यासारखी आहे. त्या सुमारास अमेरिकेतील राज्यांत सार्वजनिक सेवांसाठी आयोग स्थापन होऊ लागले होते. आयोग दर ठरवून देणार, म्हणजे कंपनीला अवाच्या सवा नफा घेता येणार नाही. परंतु गुंतवलेल्या भांडवलावर रास्त परतावा मिळेल असेच दर ठरणार, म्हणजे तोटाही होणार नाही. शिवाय अनेक राज्यांत असा दंडक आला, की नव्या कंपनीला गावात पाऊल ठेवण्याआधी त्या गावाला दुसऱ्या टेलिफोन कंपनीची गरज आहे, हे आयोगापुढे सिद्ध करावे लागेल. आता हे सिद्ध कोणी व कसे करावे? जुनी कंपनी आपले वकील, इंजिनिअर आणि हिशेबांचे गठ्ठे घेऊन हजर. नव्याच्या हाती काय, तर चार गावकऱ्यांच्या सह्या. दर थोडे कमी घेण्याच्या मोबदल्यात वेशीचा दरवाजा बंद करून मिळाला! कोणत्याही व्यापाऱ्याने हा सौदा डोळे मिटून करावा.

१९१३ साली अमेरिकन शासनाने मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारला. कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनी डिसेंबरात महान्यायवादींना एक पत्र लिहून शरणागती पत्करली : वेस्टर्न युनियन ही तारेची कंपनी आम्ही सोडून देऊ, स्वतंत्र कंपन्यांना आमच्या लांब पल्ल्याच्या तारांवर जोडून घेऊ, प्रतिस्पर्धी कंपन्या परवानगीवाचून विकत घेणार नाही. वृत्तपत्रांनी याला शासनाचा विजय मानले. प्रत्यक्षात काय झाले? जोडणी मिळाली ती लांबच्या बोलण्यापुरती. गावातल्या गावात दोन कंपन्यांच्या गिऱ्हाइकांची गाठ पडावी, ही मूळ मागणी तशीच राहिली. एक कंपनी घ्यायची तर तेवढेच टेलिफोन दुसरीकडे सोडायचे, असा अर्थ लावून बेलने आणि स्वतंत्र कंपन्यांनी आपापसांत गावे वाटून घेतली. जमीनदारांनी बांध घालून शिवार वाटून घ्यावे, तसा हा प्रकार. पुढे १९२१ साली कायदा होऊन टेलिफोन कंपन्यांच्या विलीनीकरणाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूटच मिळाली. मधल्या काळात, युद्धाच्या निमित्ताने वर्षभर टेलिफोन शासनाच्या ताब्यात होते. पण कारभार पूर्वीच्याच मंडळींनी हाकला आणि दरवाढीचा अप्रियपणा तेवढा शासनाच्या पदरात पडला. १९३४ मध्ये केंद्रीय संदेशवहन आयोग आला तेव्हा देशातील सुमारे चार पंचमांश टेलिफोन बेलचे झालेले होते.

नियमांच्या आश्रयाने वाढलेली सत्ता किती क्षुल्लक गोष्टीपर्यंत पोहोचते, याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. 'हश-ए-फोन' नावाचे एक साधे पेल्यासारखे टोपण बाजारात मिळत असे. ते टेलिफोनच्या बोलण्याच्या बाजूला अडकवले की शेजारच्याला आपले बोलणे ऐकू जाऊ नये, इतकाच त्याचा उपयोग. त्यात वीज नाही, तार नाही, यंत्र नाही. परंतु कंपनीने न दिलेली कोणतीही वस्तू टेलिफोनला जोडू नये, असा नियम कंपनीने आयोगाकडे दाखल केलेल्या दरपत्रकात होता आणि दाखल झाल्यामुळे त्याला कायद्याचे बळ आले होते. टोपणवाल्याने १९४८ मध्ये तक्रार केली. एका पेल्याविरुद्ध बेलने तज्ज्ञ आणि वकिलांची फौज उभी केली. आयोगाने सात वर्षे विचार करून निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने! शेवटी १९५६ साली न्यायालयाने तो फिरवला. पुढे १९६८ च्या 'कार्टरफोन' निर्णयाने बाहेरची उपकरणे जोडण्याचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला, आणि ज्या इंटरनेटविषयी आज आपण बोलतो ते सामान्य माणसाच्या घरात प्रथम टेलिफोनच्या तारेवरूनच, अशा बाहेरच्या उपकरणांमार्फत शिरले. एका पेल्यापाशी अडवणूक यशस्वी झाली असती तर पुढचे काय काय अडले असते, याचा विचार वाचकांनी करावा. १ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीचे तुकडे झाले. किंग्जबरींच्या पत्राला तेव्हा सत्तर वर्षे उलटून गेली होती.

यावर आमचे काही प्राध्यापक म्हणतील, की बेलने उत्तम सेवा दिली, तिच्याच प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, हे कसे विसरता? विसरत नाही. पण १९५६ मध्ये शासनाशी झालेल्या तडजोडीत बेलला आपली जुनी पेटंटे बहुतेक सर्वांना विनामूल्य खुली करावी लागली, हेही त्याच इतिहासात आहे. विद्या प्रयोगशाळेत जन्मली खरी, पण ती घराबाहेर पडली ती दार उघडावे लागले म्हणून.

हे सारे परक्या देशातले झाले असे कोणी म्हणू नये. परवाना म्हणजे काय चीज आहे, हे आपल्या आधीच्या पिढीइतके कोणाला ठाऊक असणार? स्वातंत्र्यानंतर आपण परवाना पद्धती आणली ती आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती जाऊ नये म्हणून. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक आर. के. हजारी यांनी नियोजन आयोगासाठी या पद्धतीची तपासणी केली आणि १९६७ मध्ये अहवाल दिला. त्यात आढळले ते असे, की बिर्ला उद्योगसमूहाने निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी अर्जांवर अर्ज करून परवाने मिळवले होते आणि त्यांतील पुष्कळ वापरलेच नव्हते. कारखाना काढण्यासाठी परवाना, हे सरळ माणसाचे गणित. पण परवान्यांची संख्या मोजकी असेल, तर तो नुसता खिशात ठेवणेही फायद्याचे असते, कारण मग तो दुसऱ्याला मिळत नाही. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि बसू मात्र नये, तसे हे! पुढे दत्त समितीनेही १९६९ मध्ये बड्या घराण्यांना या पद्धतीचा कसा अधिक लाभ झाला ते दाखवले आणि त्याच वर्षी मक्तेदारी नियंत्रणाचा कायदा झाला. त्याने काय साधले व काय नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की लहानासाठी बांधलेल्या कुंपणाचा उपयोग मोठ्याने वाडा राखण्यासाठी केला. अर्ज भरणे, दिल्लीला खेपा घालणे, माणूस बसवून ठेवणे हे ज्याला परवडते, त्याला नियम जाचत नाहीत. त्याच्या मागून येणाऱ्याला जाचतात.

आता ऑल्टमन यांच्याकडे परत येऊ. लहान कंपन्यांना आणि संशोधकांना या परवान्यातून वगळावे, ही गोष्टही त्यांनी मांडली होती, हे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. त्यांच्या मनातील भीती खोटी होती, असे म्हणण्यासही मजजवळ आधार नाही. पण प्रश्न मनाचा नाही, मर्यादेचा आहे. ही मर्यादारेषा कोठे आखणार? लहान कंपनी लहान असेपर्यंत कोणालाच तिची चिंता नसते. ज्या दिवशी ती मोठ्यांच्या तोलाची होऊ लागेल, त्याच दिवशी ती रेषेला टेकेल आणि तिला आयोगाच्या दारात उभे राहावे लागेल. त्या दाराआड तज्ज्ञ म्हणून कोण बसलेले असणार? या विषयातले ज्ञान ज्यांच्यापाशी आहे तेच. आणि ते ज्ञान आज प्रामुख्याने कोणाच्या पगारावर आहे, हे सांगावयास नको. व्हेलच्या काळी दराचे हिशेब बेलच्याच वह्यांतून आयोगापुढे येत, त्याची येथे आठवण होते.

आणि पुढची गंमत पाहा. दोनच वर्षांनी, मे २०२५ मध्ये, हेच गृहस्थ पुन्हा सेनेटपुढे आले. मधल्या काळात वॉशिंग्टनमधील वारे फिरले होते. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या जानेवारीतील शपथविधीला झुकेरबर्ग, बेझोस, पिचाई, मस्क ही सारी मंडळी मानाच्या जागांवर होती आणि त्यांतील काही कंपन्यांनी समारंभासाठी दहा-दहा लाख डॉलर दिले होते; ऑल्टमन यांनीही वैयक्तिकरीत्या तेवढी रक्कम दिली होती. या वेळी त्यांनी सांगितले, की नवी यंत्रणा बाहेर आणण्यापूर्वी शासनाची मंजुरी घ्यावी लागली तर ते विनाशकारी ठरेल. घटक राज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांऐवजी केंद्राची एकच चौकट असावी, हा आग्रह तर या धंद्यातील अनेकांनी कमीअधिक फरकाने धरला. राज्यांना असे कायदे करण्यास दहा वर्षे मनाई करावी, असा प्रस्ताव काँग्रेसमध्ये आलाही. १ जुलै २०२५ रोजी सेनेटने तो ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकला, ही समाधानाची गोष्ट. तर कालचा परवाना आज विनाश कसा झाला? मला यात विसंगती दिसत नाही. नियम असावा की नसावा, हे तत्त्व येथे नाहीच. असलाच तर एकच असावा आणि तो ज्या खोलीत ठरतो तेथे आपली खुर्ची असावी, एवढा धागा पहिल्यापासून अखेरपर्यंत अखंड आहे. व्हेलचे 'एक धोरण, एक व्यवस्था' याहून काय वेगळे होते?

खुर्ची मिळत नसेल तेव्हा काय करतात, तेही कॅलिफोर्नियात दिसले. मोटारी चालवणाऱ्या माणसांना नोकर मानावे असा कायदा तेथील विधिमंडळाने केला, तेव्हा 'उबर', 'लिफ्ट' आणि त्यांच्या सोबतच्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतून नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमताने स्वतःपुरता निराळा कायदा मंजूर करून घेतला. मतदारांनीच तो केला, हे खरे. पण वीस कोटींचा भोंगा एका बाजूला आणि ड्रायव्हरचा घसा दुसऱ्या बाजूला, अशा सभेला सभा म्हणावे काय?

आपल्याकडचा प्रसंग अधिक परिचयाचा आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्याने एक योजना आणली. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. गरिबांना इंटरनेट फुकट. मात्र सगळे इंटरनेट नव्हे. फेसबुकच्या अटी पाळून त्या दारातून आत येतील तेवढीच स्थळे. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपल्या आजीला पाठ होती, तरी या वेळी आवळा इतका चकचकीत होता की पुष्कळ शहाणी माणसेही भुलली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०१५ मध्ये या प्रकारच्या भेदभावी दरांविषयी जनतेचे मत मागवले, तेव्हा कंपनीने काय करावे? पानपानभर जाहिराती, रस्तोरस्ती फलक, आणि फेसबुक उघडताच समोर तयार मजकुराचे पत्र : फक्त बोट लावा, की ते ट्रायकडे रवाना. झुकेरबर्ग यांनी इंग्रजी दैनिकात लेख लिहिला आणि त्यात दाखला दिला तो आपल्या महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा. पावसाचा अंदाज आणि बाजारभाव त्याला या योजनेमुळे कळू लागले म्हणे. तो शेतकरी खरा असेल, त्याची गरजही खरी असेल. परंतु त्या अमेरिकन शेतकऱ्यांनी कुंपणाच्या तारेवर स्वतःचा टेलिफोन उभा केला होता, तर आमच्या शेतकऱ्याला केवळ जाहिरातीतली जागा मिळाली.

ट्रायने बाणेदारपणा दाखवला. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या पत्रांत नाहीत, विचारविनिमयाचे रूपांतर तुम्ही घडवून आणलेल्या मतमोजणीत करीत आहात, अशा आशयाचे खरमरीत पत्र तिने कंपनीला धाडले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम निघाला : कोणते स्थळ पाहता यावरून दरात भेदभाव करता येणार नाही, मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. तीन दिवसांत ही योजना भारतातून गुंडाळली गेली. दंडाची रक्कम अशा कंपनीला चहापाण्याच्या खर्चाएवढी. परंतु नियम स्पष्ट होता, पळवाट नव्हती, आणि मुख्य म्हणजे तो पाळायला लहानाला एक पैसाही खर्च नव्हता.

सगळे नियंत्रण शेवटी बड्यांच्याच खिशात जाते, असा सिद्धांत जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडला आणि त्याला १९८२ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. आमच्या वर्गातील काही बुद्धिमान मित्र त्यावरून असे अनुमान काढतात, की मग नियंत्रण नकोच. मला हे पटत नाही. कुंपण शेत खाते म्हणून कुंपणच काढून टाकले तर गुरांची सोय होते, शेताची नाही. ट्राय नसती तर त्या फेब्रुवारीत काय झाले असते? नियम आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. तो पाळण्याचा खर्च नव्या माणसाला झेपेल का, आत येण्याची वाट त्याने रुंद होते की अरुंद, हे पाहावे लागते. युरोपने २०१८ मध्ये खाजगी माहितीच्या रक्षणाचा मोठा कायदा लागू केला. हेतू निर्मळ, पण कलमांच्या त्या अरण्यातून वाट काढायला गुगलपाशी वकिलांची पलटण होती, लहान धंदेवाल्यापाशी नव्हती. उलट आपल्याकडील २०२१ च्या नियमांत ५० लाखांहून अधिक सदस्य असलेल्या समाजमाध्यमांवर जादा जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. त्या नियमांत आक्षेपार्ह पुष्कळ आहे, त्यांनी शासनाच्या हाती जो लगाम दिला आहे तो मला भीतिदायक वाटतो. तथापि ओझे खांद्याच्या मापाने टाकावे, ही दृष्टी त्यात आहे.

आणि कधी कधी नियम असूनही माप मोडते. कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर दोन रंगीत चौकोनी पाट्या चिकटवलेल्या आहेत, त्यांवर मोबाइल धरून आपण पैसे देतो. देशभरच्या या व्यवहारांपैकी फार मोठा भाग 'फोनपे' आणि 'गुगल पे' या दोघांकडूनच जातो. कोणाही एकाकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार असू नयेत, असे राष्ट्रीय देयक निगमाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले. मुदत दिली, ती २०२४ च्या अखेरपर्यंत वाढवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा २०२६ च्या अखेरपर्यंत. कारण सरळ आहे : आता मर्यादा लावली तर गिऱ्हाइकांचीच गैरसोय होईल. म्हणजे आधी इतके मोठे व्हायचे, की आवरणाऱ्यालाच आवरण्याची धास्ती वाटावी. येथे कोणी लाच दिली, कोणी घेतली असा आरोप नाही. आकारच बोलतो.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या उठाठेवी कशाला, असा प्रश्न मला हा लेख लिहिताना एका मित्राने विचारला. त्याला मी उत्तर दिले ते भाषेचे. संगणकावर आज मराठी नीटनेटकी दिसते, त्यात 'एक टाइप' नावाच्या मुंबईतील एका लहानशा मंडळीने काढलेल्या 'मुक्ता', 'बलू' यांसारख्या अक्षरवळणांचा वाटा आहे. ती कोणालाही विनामूल्य वापरता येतात. गुगलच्या भांडारातून ती बहुतेकांपर्यंत पोहोचली, हेही खरे; बड्यांचे सगळेच वाईट असे मी म्हणत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून हौशी माणसे लिहीत आहेत. यांपैकी कोणालाही काम सुरू करण्यासाठी परवाना काढावा लागला नाही. उद्या यंत्राला मराठी शिकवण्याचे काम कोणा चार ध्येयवेड्या माणसांना नाशिकला किंवा नांदेडला करावेसे वाटले आणि त्याआधी दिल्लीतल्या एखाद्या कचेरीत सुरक्षिततेचे शंभर दाखले द्यावे लागले, तर ते काम होणार नाही. मोठी कंपनी ते करील, पण तिला जेवढी मराठी परवडेल तेवढीच. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांचा हिशेब तिच्या ताळेबंदात कोठे बसणार?

म्हणून प्राध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. आमच्या अभ्यासक्रमात मक्तेदारीचे प्रकरण आहे. त्यात मागणीचा वक्र आहे, सीमांत खर्च आहे, मक्तेदार उत्पादन कमी करून किंमत कशी वाढवतो याची आकृती आहे, आणि परीक्षेत ती दहा गुणांना येते. पण आयोगाच्या खोलीत कोण बसतो, अर्ज कोण लिहून देतो, मुदत कोणासाठी वाढते, यासाठी त्या आकृतीत अक्ष नाही. त्या प्रकरणाच्या शेवटी निदान एक तास हजारी अहवालासाठी आणि एक तास ट्रायच्या २०१६ च्या नियमासाठी ठेवता आला तर पाहावा. पहिला मुंबईच्याच एका प्राध्यापकाने लिहिलेला आहे आणि दुसरा मोजक्या पानांचा आहे. दोन्ही मिळून परीक्षेच्या आत वाचून होतील.